शिक्के, कट्यार आणि एक खांब

जुन्या मराठी राज्यव्यवहारात 'शिक्के-कट्यार' असा एक जोडशब्द आढळतो. छत्रपतींनी एखाद्यास प्रधानपद दिले म्हणजे त्याला वस्त्रे मिळत आणि वस्त्रांबरोबर शिक्के-कट्यार मिळे. शिक्का कागदावर उमटे, कट्यार कमरेला राही. परंतु दोन्हींचा अर्थ एकच होता, की हा मनुष्य आता केवळ स्वतःचा राहिलेला नाही, तो एका अधिकाराचा वाहक झाला आहे. वस्तू लहान, अर्थ मोठा, आणि तो अर्थ वस्तूमध्ये नसून ती देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संमतीमध्ये असतो. आम्ही वर्गात प्रतीकविचार शिकवतो तेव्हा उदाहरणे कवितेतून घेतो. निशाण, बिरुद, तकमा, बिल्ला अशा शब्दांचा एवढा साठा मराठीत असूनही माणसाच्या अंगावर शिवलेल्या वा टोपीला लावलेल्या प्रतीकांकडे साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण क्वचितच वळतो. प्रस्तुत लेखात आम्ही तसे वळू पाहत आहोत.

वळण्याचे कारण घरगुती आहे, ते आधी सांगून टाकणे बरे. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. दोघेही पुण्यात मराठी शिकवतो, दोघांचेही शिक्षण मराठी विषयातले, आणि योगायोगाने दोघांच्याही घरी एकेक काळी लोखंडी ट्रंक आहे. एकाचे आजोबा सातारा जिल्ह्यातून मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आले. त्यांच्या ट्रंकेत बिगुलाचे चिन्ह असलेला बिल्ला आहे. दुसऱ्याचे आजोबा १९४२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये गेले. त्यांच्या बिल्ल्यावर एक खांब आहे. त्यांचेच धाकटे चिरंजीव १९८० नंतर त्याच रेजिमेंटमध्ये दाखल झाले. त्यांच्या बिल्ल्यावर खांब नाही, तेथे खंजीर आहे. एकाच घरात, एकाच ट्रंकेत, एकाच रेजिमेंटचे हे दोन बिल्ले. बिगुल तसाच राहिला आणि खांब गेला, असे का व्हावे, हा आमच्या दोघांमधला जुना विषय आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला एका दूरच्या देशाचे उदाहरण फार उपयोगी पडले. तेथून प्रारंभ करतो.

पश्चिम जर्मनीने युद्धानंतर नवे सैन्य उभारले, त्याच्या पहिल्या स्वयंसेवकांना १२ नोव्हेंबर १९५५ रोजी नियुक्तिपत्रे देण्यात आली. हा दिवस मुद्दाम निवडलेला होता. प्रशियाच्या सैन्याची पुनर्रचना करणाऱ्या शार्नहोर्स्टचा तो दोनशेवा जन्मदिन. नाझी काळाला ओलांडून पलीकडचा, त्यामानाने निष्कलंक असा पूर्वज शोधण्याचा तो प्रयत्न होता. पुढच्या वर्षी हवाईदल उभे राहिले आणि गणवेशाचा प्रश्न आला. जुन्या हवाईदलाच्या वैमानिकाच्या छातीवर गरुड होता आणि त्याच्या नख्यांत स्वस्तिक होते. ते राहणे शक्यच नव्हते. परंतु सारेच पुसले तर सैनिकाने स्वतःस कोणाचा वारस म्हणावे? तेव्हा निवड झाली. कॉलरवरचा सोनेरी-पिवळा रंग राहिला, पंखांची आकृती राहिली, ओकची पाने राहिली. विमानांवर लोखंडी क्रूस आला, कारण तो १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात जन्मला होता आणि हिटलरपेक्षा कितीतरी जुना होता. १९५७ मध्ये एक कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात मिळालेली पदके माजी सैनिकांनी लावावीत, पण स्वस्तिकाशिवाय, असे त्याने ठरवले. लोखंडी क्रूसाच्या मध्यभागी जेथे स्वस्तिक होते तेथे ओकची तीन पाने बसवण्यात आली. पदक तेच, पराक्रम तोच, केवळ मधली जागा निराळी.

भाषेच्या अभ्यासकाला ही युक्ती अनोळखी नाही. वाक्याची रचना तशीच ठेवून एक शब्द बदलण्याचा हा प्रकार. पंख आणि पाने ही त्या मानाने सोयीची चिन्हे ठरली. ती निसर्गातली असतात, कोणत्याही एका वर्षाची नसतात. अडचण आली ती नावांची. १९६१ मध्ये तीन हवाई पथकांना पहिल्या महायुद्धातील रिख्टहोफेन, इमेलमान आणि बोल्के या वैमानिकांची नावे देण्यात आली. पथकातील सैनिक ते नाव विणलेली निळी पट्टी बाहीवर लावीत. १९७३ मध्ये आणखी एका पथकाला वेर्नर म्योल्डर्स याचे नाव मिळाले. म्योल्डर्स हा दुसऱ्या महायुद्धातला. तत्पूर्वी तो स्पेनच्या यादवीत, गेर्निका उद्ध्वस्त करणाऱ्या काँडोर लिजनमध्ये होता, जरी तो तेथे पोहोचला तो गेर्निकानंतर. १९९८ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की काँडोर लिजनच्या सैनिकांची नावे सैन्यात गौरवार्थ वापरू नयेत, आणि २००५ मध्ये त्या पथकाचे नाव काढले गेले, बाहीवरची पट्टीही उतरली. रिख्टहोफेनचे नाव मात्र अजून चालू आहे. पिवळा रंग आणि पंख यांवर असा वाद पेटला नाही. वाद पेटला तो विशेषनामावर, कारण विशेषनामाला जन्मतारीख असते, पत्ता असतो आणि त्याने काय केले याची नोंद असते.

आता आपल्याकडे येऊ. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा सैन्यापुढेही मुकुटाचा प्रश्न होता. मेजरच्या खांद्यावर मुकुट होता, लेफ्टनंट कर्नलच्या खांद्यावर मुकुट आणि एक तारा. मुकुटाच्या जागी सारनाथचे सिंह आले. मेजरच्या खांद्यावर सिंह, लेफ्टनंट कर्नलच्या खांद्यावर सिंह आणि तारा. जनरलची एकमेकांवर ठेवलेली तलवार आणि दंड तशीच राहिली. हवाईदलाच्या नावातील 'रॉयल' हे उपपद १९४५ मध्ये लागले होते, ते १९५० मध्ये गळले. हवाईदलाच्या मानचिन्हात गरुड, वर सिंह आणि खाली गीतेच्या अकराव्या अध्यायातून घेतलेले ब्रीद आले. विमानावरच्या गोलाची कथा तर अधिक बोलकी आहे. महायुद्धात पूर्वेच्या आघाडीवर ब्रिटिश गोलातला मधला तांबडा ठिपका काढून टाकावा लागला होता, कारण दुरून तो जपानी सूर्य वाटे. स्वातंत्र्यानंतर काही काळ तेथे अशोकचक्र होते, आणि प्रजासत्ताक झाल्यावर तिरंगी गोल आला. अधिकाऱ्यांच्या बाहीवरच्या पट्ट्यांची मांडणी मात्र ब्रिटिश हवाईदलाचीच राहिली. म्हणजे येथेही व्याकरण तेच, शब्द नवे.

एका ठिकाणी मात्र नवे वाक्यच रचले गेले आणि त्यात मराठी घराचा वाटा आहे. परमवीर चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्या जन्माने युरोपीय, स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या येथल्या झाल्या आणि येथल्या पुराणांच्या अभ्यासक झाल्या. ब्राँझच्या चकतीवर त्यांनी चार बाजूंना इंद्राचे वज्र योजले. वज्र म्हटले की दधीचीची अस्थी आठवावी, असे ते चिन्ह आहे. राजाच्या मुकुटाऐवजी ज्याने आपली हाडे दिली त्या ऋषीची आठवण छातीवर यावी, ही कल्पना कोणत्याही कवीला अभिमान वाटावा अशी आहे. येथे प्रतीक वारशाने आलेले नाही, निवडलेले आहे. परंतु असे भाग्य थोड्या चिन्हांना लाभते. बहुतेक चिन्हे हातची असतात, आणि ती तशीच ठेवायची की बदलायची एवढाच प्रश्न उरतो.

बिगुलाचेच पाहा. लाइट इन्फन्ट्री म्हणजे हलके पायदळ. दाट रांगेत न चालता विखरून, झाडाझुडपांच्या आडोशाने लढणारे. अशा लढाईत नगाऱ्याचा उपयोग नसतो, शिंगाचा असतो. युरोपात असे पायदळ प्रथम जर्मन संस्थानांतल्या शिकाऱ्यांतून आणि वनरक्षकांतून उभे राहिले, आणि त्यांच्या शिकारीच्या शिंगावरून हलक्या पायदळाचे चिन्ह तयार झाले. ते इंग्रजांनी घेतले, इंग्रजांकडून मुंबई इलाख्याच्या पलटणींकडे आले, आणि मराठा सैनिकाच्या टोपीवर स्थिरावले. नायक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीमध्ये ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो जर्मन सैन्याविरुद्धच्या लढाईत. त्यांच्या रेजिमेंटचे चिन्ह मुळात जर्मन अरण्यातले होते, हे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. ट्रंकेतला बिल्ला जिवंतपणी रोज पुसून ठेवणाऱ्या आमच्या आजोबांना त्या बिगुलात शिंग दिसत होते, देवळापुढे आणि छबिन्यापुढे वाजणारे शिंग. स्वातंत्र्यानंतर बिगुलावरचा मुकुट जाऊन सिंह आले. रेजिमेंटची युद्धघोषणा शिवछत्रपतींच्या नावाची आहेच. बिगुल कोठून आला हे विचारण्याची गरज कोणाला पडली नाही.

आपल्या साहित्यशास्त्रात याला नेमका शब्द आहे. लक्षणेचे दोन प्रकार आपण विद्यार्थ्यांना सांगतो, रूढिमूला आणि प्रयोजनवती. रूढीचे ठरीव उदाहरण म्हणजे 'कुशल' हा शब्द. कुश नावाचे धारदार गवत हात न कापता खुडून आणतो तो कुशल. आज आपण एखाद्या गवंड्याला वा शल्यविशारदाला कुशल म्हणतो तेव्हा गवत कोणाच्याच डोळ्यांपुढे नसते. मूळ अर्थ गळून पडला आहे आणि तो गळून पडला म्हणूनच शब्द सर्वांच्या उपयोगाचा झाला. प्रयोजनवती लक्षणेत तसे नसते. तेथे मूळ अर्थ बाधित होऊनही त्याचा गंध मागे राहावा लागतो, कारण बोलणाऱ्याचे प्रयोजन त्या गंधात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिगुल रूढ झाला आहे. तो 'कुशल' शब्दासारखा आहे. जर्मन पंख आणि ओकची पानेही तशीच.

या दृष्टीने सर्वांत चमत्कारिक उदाहरण असईच्या हत्तीचे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या लढाईतल्या पलटणींना गौरव म्हणून हत्तीचे चिन्ह देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने असा दंडक केला की येथल्याच सत्तांविरुद्ध कंपनीसाठी जिंकलेल्या लढायांचे सन्मान साजरे करायचे नाहीत. असई, कोरेगाव, आमच्या पुण्याला लागून असलेली खडकी, ही नावे त्या त्याज्य यादीत गेली. ते योग्यच झाले. परंतु हत्ती गेला नाही. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात तो आजही दिमाखाने उभा आहे, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र निलगिरीतल्या वेलिंग्टन येथे आहे, म्हणजे त्याच वेलस्लीच्या पुढील पदवीचे नाव धारण करणाऱ्या गावी. याबद्दल महाराष्ट्रात कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि करूही नये. हत्ती हा हत्तीच आहे. तो मंदिरापुढचा असू शकतो, ऐरावत असू शकतो, केवळ बळाची खूण असू शकतो. त्याच्या अंगावर १८०३ हा आकडा लिहिलेला नाही.

आता खांबाकडे वळतो. पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले की भीमा नदीच्या काठी कोरेगाव लागते. १ जानेवारी १८१८ रोजी येथे कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची कंपनीची पलटण आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांच्यात दिवसभर लढाई झाली. १८२१ मध्ये तेथे स्मारकस्तंभाची पायाभरणी झाली. कंपनीच्या सरकारने तो आपल्या विजयासाठी उभारला, यात शंका नाही. परंतु त्यावर कामी आलेल्यांची जी नावे कोरली आहेत त्या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे, आणि तो महार नावांचा प्रत्यय आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या प्रत्ययापाशी थोडे थांबावे. गावात याच प्रत्ययावरून माणसाची जागा ठरे. तो कोठे राहील, कोणत्या वाटेने जाईल, त्याची सावली कोठे पडेल, हे सारे ठरे. दगडावर तोच प्रत्यय इतर जातिधर्मांच्या मृतांबरोबर, एका यादीत, एकाच मापाच्या अक्षरांत येतो. अक्षरे तीच आणि अर्थ उलटा.

पुण्यातल्या वाचकाला येथे आणखी एका चिन्हाची आठवण द्यावी लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या प्रथांचा उल्लेख केला आहे: अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, आणि पुण्यात तर कमरेला झाडू व गळ्यात मडके बाळगावे. हेही एक प्रकारचे मानचिन्हच होते, फक्त त्यात मान नव्हता. प्रधानाच्या कमरेला कट्यार असे तेव्हा याच शहरात कोणाच्या तरी कमरेला झाडू होता. ज्याच्या देहावर पिढ्यान्पिढ्या असे चिन्ह लादले गेले त्याच्या वंशजाच्या डोक्यावर जेव्हा सरकारी टोपी आणि टोपीवर बिल्ला येतो, तेव्हा त्या बिल्ल्याचा अर्थ इतर सैनिकांच्या बिल्ल्याइतकाच असेल, असे मानता येणार नाही.

तो बिल्ला सहजी आलाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाची कल्पना रचली आणि महारांची सैन्यभरती बंद केली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, माणसांची गरज भासली तेव्हा '१११ महार' ही पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये गरज संपताच मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले, त्यामागे हा सारा इतिहास होता. तो स्तंभ म्हणजे दगडात कोरलेला पुरावा होता, की आमचे आजोबा-पणजोबा सैनिक होते. 'तुम्ही लढाऊ नाही' या वाक्याला तेवढेच एक लेखी उत्तर हाताशी होते. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यासाठी कोरेगावचा खांब निवडला गेला, त्यावर 'महार' हे अक्षर. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा खांबाबरोबर एकमेकांवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे खांब जाऊन त्याच्या जागी खंजीर आला. मशीनगन राहिल्या.

हा बदल समजून घेणे कठीण नाही. कोरेगावचा सन्मान त्याज्य ठरल्यावर कोरेगावचा खांब प्रजासत्ताकाच्या सैनिकाच्या माथ्यावर कसा राहावा, हा तर्क सरळ आहे. शिवाय रेजिमेंट नावाने महार असली तरी तिच्यात देशभरच्या निरनिराळ्या समाजांचे जवान आले. तिने जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन सेनाप्रमुख दिले. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळाले, तेच सावित्रीबाईंचे वज्र. तिची युद्धघोषणा कोणा एका राजाच्या वा देवीच्या नावाची नाही, हिंदुस्थानच्या नावाची आहे. अशा रेजिमेंटला सर्वांचे होईल असे चिन्ह हवे, हेही समजते. खंजिराला जात नाही, गाव नाही, तारीख नाही.

आमच्यापैकी एकाच्या काकांना खंजिराचा बिल्लाच प्रिय होता. नोकरी त्यांनी त्याच चिन्हाखाली केली, गोळीबार त्याच चिन्हाखाली सोसला. आजोबांचा खांब ते जपत, पण त्याला 'आबांचा बिल्ला' म्हणत, स्वतःचा म्हणत नसत. दोन्ही बिल्ले एकाच रुमालात गुंडाळलेले असत. त्यांच्या मनात त्यांचे भांडण नव्हते. वर्षातून एकदा, १ जानेवारीला, ते साध्या कपड्यांत कोरेगावला जात आणि डोक्यावर जुनी टोपी मात्र घालीत. जे टोपीवरून गेले होते त्याच्यापाशी ते टोपी घेऊन जात, असे आज वाटते. त्यांनी स्वतः ते कधी अशा शब्दांत सांगितले नाही.

येथे म्योल्डर्सच्या पट्टीची आठवण होते, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. तेथे नाव उतरवले गेले कारण ते अन्यायाच्या बाजूने लढलेल्याचे होते आणि त्या नावावर कोणा वंचिताचा हक्क अवलंबून नव्हता. येथे खांबाच्या एका बाजूला परकी सत्तेचा विजय आहे आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना स्वकीय सत्तेने माणूस मानले नाही त्यांच्या माणूसपणाची नोंद आहे. एकाच दगडावर ही दोन वाक्ये लिहिलेली आहेत आणि एक पुसून दुसरे ठेवता येत नाही. साम्य आहे ते इतकेच, की दोन्ही चिन्हे विशेषनामासारखी आहेत. पंख, पाने, हत्ती, बिगुल यांना सामान्यनाम होता आले. खांबाला होता आले नाही, कारण तो कोरेगावचाच खांब आहे, दुसरा कोणता नव्हे.

असईचा हत्ती आणि कोरेगावचा खांब यांचे मूळ एकाच प्रकारचे. दोन्ही मराठी सत्तेविरुद्धच्या कंपनीच्या लढायांतले, अवघ्या पंधरा वर्षांच्या अंतरातले. हत्ती राहिला, खांब गेला. आम्हांला याचे उत्तर मुळात सापडत नाही, स्मरणाच्या गरजेत सापडते. असईला कोण कोणाच्या बाजूने होते हे आठवण्यावाचून आज कोणाचे काही अडत नाही. म्हणून हत्ती रूढ झाला आणि राहू शकला. खांबाचा मूळ अर्थ आठवणे ज्यांना आवश्यक आहे असा समाज जिवंत आहे, आणि तो मूळ अर्थ खटकतो असाही समाज जिवंत आहे. म्हणून खांब रूढ होऊ शकला नाही. चिन्हाचा उगम विसरता येणे हे एक सुख आहे. ते ज्यांचे आयुष्य त्या उगमावर अडून राहिलेले नाही त्यांनाच परवडते. साताऱ्याच्या घरातल्या बिगुलाला ते परवडले. त्या घरातल्या कोणाला 'तुम्ही सैनिक होता याला पुरावा काय' असे कधी कोणी विचारले नव्हते.

हा विचार मनात असताना अलीकडच्या दोन घटनांकडे पाहावेसे वाटते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे नौदलाचे नवे निशाण फडकले. त्यावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस गेला. तो २००१ मध्ये एकदा गेला होता आणि २००४ मध्ये परत आला होता, कारण निळे मानचिन्ह समुद्र-आकाशाच्या निळाईत दिसेना. नव्या निशाणावर निळ्या अष्टकोनाची दुहेरी सोनेरी चौकट आहे आणि ती शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गला साजऱ्या झालेल्या नौदलदिनी घोषणा झाली आणि डिसेंबर २०२३ अखेर अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची चिन्हेही बदलली: सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. नेल्सनच्या नावाने ओळखले जाणारे वलय गेले. मराठी माणसाला याचा आनंद होणे स्वाभाविक आहे आणि तो आम्हांलाही झाला. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढणारी, असे जिचे वर्णन त्या मुद्रेवरच आहे, ती सागरावर गेली.

मात्र अष्टकोनही हळूहळू रूढ होईल. नौदलाने त्याचा अर्थ आठ दिशा असाही सांगितलेला आहेच. केरळच्या वा बंगालच्या खलाशाला आणखी पन्नास वर्षांनी त्यात दिशा दिसतील आणि मुद्रा अभ्यासकाला दिसेल. यात वाईट काही नाही. तो 'कुशल' होईल. शिक्का देशाचा झाला म्हणजे आपल्याला तो थोडा सोडून द्यावाच लागतो.

आमच्या वर्गात दोन्ही प्रकारच्या घरांतली मुले बसतात. २०१८ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला, आणि पुढचे काही आठवडे ही मुले एकाच बाकावर बसूनही एकमेकांशी जपून बोलत होती. त्यांच्यापुढे आम्ही कोणता निकाल ठेवला नाही, आणि तो आमच्या अधिकारातलाही नाही. लक्षणेचा पाठ तेवढा पुन्हा घेतला. एका मुलीने विचारले, "सर, प्रयोजन पूर्ण झालं की प्रयोजनवती लक्षणा रूढ होते का?" शास्त्रात याचे थेट उत्तर नाही, पण प्रश्न शास्त्रापेक्षा मोठा होता. ज्या दिवशी कोणालाही आपल्या पूर्वजांचे माणूसपण दगडावरच्या प्रत्ययाने सिद्ध करावे लागणार नाही त्या दिवशी तो खांबही हत्तीसारखा होईल. लोक त्याच्याकडे पाहतील, सावलीला बसतील आणि पुढे जातील. तोवर तो टोपीवर नसला तरी रूढ झालेला नाही, आणि त्याला लवकर रूढ व्हायला सांगण्याचा हक्क निदान बिगुलवाल्यांना नाही. हे शेवटचे वाक्य आमच्यापैकी ज्याच्या घरी बिगुल आहे त्याने लिहिले आहे. दुसऱ्याने ते तसेच ठेवले.